माहुलीचे कावळे उशिरा येतात

चारुलताचे वडील विष्णुपंत गेले तेव्हा तिचा प्रबंध सांगलीत टायपिस्टकडे होता. शेवटचं प्रकरण तेवढं तपासून द्यायचं राहिलं होतं. तिच्या धाकट्या भावाचा, अवधूतचा, फोन कॉलेजच्या ऑफिसात आला आणि शिपाई तिला बोलवायला प्रयोगशाळेत आला. तिनं हातातली फॉर्मॅलिनची बाटली फडताळात ठेवली, झाकण घट्ट बसलंय का पाहिलं, साबणानं हात धुतले आणि मग जाऊन फोन घेतला. रडू आलं नाही. साताऱ्याच्या एस.टी.त ती खिडकीशी बसली. कराडला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून चहासुद्धा प्यायली. चहा बरा होता. पुढे लोक सांत्वनाला येत राहिले, तिच्या हातावर हात ठेवत राहिले, आणि तिला मधूनमधून आठवायचा तो एवढा चहा.

ती प्राणिशास्त्राची. सांगलीच्या एका कॉलेजात तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवायची. दर जूनमध्ये नवी ऑर्डर निघाली की तिचं वर्ष सुरू व्हायचं. पीएच.डी.चा विषय होता नदीघाटावरचे गावकावळे. विषय ठरला तेव्हा घरात हसाहशी झाली होती. बापूकाका म्हणाले होते, "लोक वाघ बघायला जंगलात जातात, आमची कन्या कावळे बघायला स्मशानात." पण काम गंभीर होतं. दोन घाट तिनं निवडले होते, साताऱ्याजवळचा माहुलीचा आणि सांगलीचा. दोन्हीकडे रोज सकाळी कुणाचा ना कुणाचा दहावा असायचा. भाताचे पिंड मांडले जायचे, घरचे लोक मागे सरून उभे राहायचे आणि वर झाडांकडे बघत राहायचे. चारुलता थोडं बाजूला पायरीवर बसायची. पिंड ठेवल्यापासून कावळा शिवेपर्यंत किती वेळ जातो, पहिला कुठला पक्षी उतरतो, बाकीचे कधी येतात, हे सगळं टिपायची. कुणाशी बोलायची नाही. सुट्ट्यांमध्ये माहुली, कॉलेज चालू असताना सांगली, अशी वर्षं गेली होती.

त्यातून एक निष्कर्ष निघाला होता आणि सगळा प्रबंध त्याच्यावर उभा होता. सांगलीचे कावळे पटकन उतरतात. माहुलीचे उशिरा येतात, फार उशिरा, कधीकधी येतच नाहीत. तिनं कारणंही मांडली होती. सांगलीचा घाट बाजाराला लागून, तिथल्या पक्ष्यांना माणसांची सवय. माहुलीला आजूबाजूला शेती, खायला मुबलक, कावळ्याला घाई कसली? तिचे मार्गदर्शक डॉ. निकम हे चौथं प्रकरण वाचून खूष झाले होते. "हा प्राण आहे बघ तुझ्या प्रबंधाचा," ते म्हणाले होते. "बाकीचं सगळं हाडं-मांस."

त्यातच त्या वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचं पत्रक आलं. डिसेंबर संपायच्या आत जे प्रबंध सादर करतील त्यांना नेट परीक्षेतून सूट, बाकीच्यांना परीक्षा द्यावी लागणार. तात्पुरत्या नेमणुकीवरचे सगळे कामाला लागले. टायपिस्टकडे रांगा लागल्या. चारुलताचा नंबर दिवाळीआधी लागला होता. विष्णुपंत गेले दिवाळीनंतर.

दहाव्याला घाटावर कोण कोण जायचं यावर घरात बोलणं निघालं. काकू म्हणाल्या, "बायकामाणसांनी कशाला?"

"तिला कोण अडवणार?" बापूकाका म्हणाले. ते विष्णुपंतांचे धाकटे भाऊ. चार दिवस दाढी वाढलेली, तरी जिभेची सवय सुटली नव्हती. "तिचं ऑफिसच आहे ते."

आई घरीच राहिली. चारुलता गेली.

माहुलीच्या घाटावर दर्भ, तीळ, पत्रावळी विकणारी रंगुबाई पायरीच्या तोंडाशीच बसायची. तिनं चारुलताला लांबूनच पाहिलं. "आल्या का कावळेबाई! आज वही न्हाई ती? रजा का काय?" मग तिला मुंडण केलेला अवधूत दिसला, हातात पूजेचं सामान घेतलेला, आणि ती थांबली. "आगं बया. कोण गं?"

"वडील."

"छत्रीवालं?"

"हो."

रंगुबाईनं दर्भाची जुडी उचलून अवधूतच्या हातात दिली. "लय गमतीचं बोलायचं गं," ती म्हणाली.

विष्णुपंत भूमी अभिलेख कार्यालयातून निवृत्त झाले, त्याच हिवाळ्यात चारुलताचं काम सुरू झालं होतं. पहिल्या हिवाळ्यात तिनं माहुलीला घाटामागच्या रानात जाळं लावून कावळे धरले होते. वनखात्याची परवानगी होती. पायात रंगीत कडी घालायची आणि सोडून द्यायचं, म्हणजे पक्षी पुन्हा ओळखता येतो. वडील सोबतीला यायचे. कापडी पिशवीचं तोंड धरून उभे राहायचे, आणि कावळा हातात ओरडायला लागला की म्हणायचे, "काही नाही बाबा, खानेसुमारी आहे. नाव नोंदव आणि जा." सांगलीला हे करता आलं नव्हतं. पितरांचा कावळा धरायचा नाही, असं तिथल्या लोकांनी स्पष्ट सांगितलं होतं आणि तिनंही आग्रह धरला नव्हता.

गुरुजींनी अवधूतकडून पिंड मांडून घेतले. सगळे मागे सरले. चारुलता सवयीनं उजवीकडे, आपल्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

चिंचेवर कावळे होते. चांगले भरपूर होते. एकही खाली आला नाही.

बापूकाका दोन पावलं पुढे झाले, हात जोडले. "दादा, वहिनीला काही कमी पडू देणार नाही."

काही झालं नाही.

"घराची वाटणी करणार नाही. दोन चुली होणार नाहीत."

कावळे ओरडत होते, पण फांदी सोडत नव्हते. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. पलीकडच्या चौथऱ्यावर दुसरी मंडळी येऊन थांबली होती. चुलतभाऊ कुजबुजला, "चारूच्या लग्नाचं म्हणा."

"दादा, चारूचं लग्न..." काकांनी सुरुवात केली, मग तिच्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आता तूच काहीतरी कर गं. तुझे कावळे आहेत."

चारुलता वर बघत होती. इतका वेळ ती ऐकतही होती, पण आपण काय ऐकतोय ते आत्ता तिच्या ध्यानात आलं. ही भुकेची ओरड नव्हती. लांबलचक, घोगरी, एकानं सुरू करून दुसऱ्यानं उचललेली ही हाक तिनं स्वतः तिसऱ्या प्रकरणात वर्णन केली होती. शत्रू दिसला की देतात ती. मांजर, ससाणा, असं तिनं लिहिलं होतं.

तिनं घाटावर मांजर शोधलं. मग लक्षात आलं की कावळे पिंडांकडे बघतच नाहीयेत. ती चार पावलं डावीकडे सरकली. माना वळल्या. ती परत उजवीकडे आली. माना परत आल्या. खालच्या फांदीवरच्या एकाच्या पायात निळं कडं होतं.

आदल्या पावसाळ्यात वडिलांनी नदीकडे फिरायला जाणं बंद केलं होतं. ती सुट्टीला आली तेव्हा तिनं कारण विचारलं होतं. "तुझ्या कावळ्यांनी माझ्यावर बहिष्कार घातलाय," ते म्हणाले होते. "घाट आला की ओरडायला लागतात. चेहरा बघून ठेवलाय माझा. डोक्यावर छत्री धरून, मान खाली घालून जावं लागतं, एखाद्या फरारी माणसासारखं." ती हसली होती. "बाबा, असल्या एका वाक्यावर प्रबंध होत नाही." तेही हसले होते.

"काका, मी जरा वर जाऊन येते," ती म्हणाली.

"आत्ता? आत्ता कुठं निघालीस?"

"येतेच."

कुणीतरी 'पोरीला सहन होईना' असं म्हणालं. ती पायऱ्या चढून देवळाच्या भिंतीमागे गेली. तिथून घाट दिसत नव्हता. दगड उन्हानं तापायला लागले होते. ती भिंतीला टेकली नाही, नुसती उभी राहिली. ओरड हळूहळू कमी झाली. मग खालून काकांचा आवाज आला, मोठा, थोडा फाटलेला: "दादा, चारूचा प्रबंध याच वर्षी पुरा होईल. हा माझा शब्द." आणि लगेच पंखांचा आवाज आणि चार-पाच जणांचे एकदम आवाज, "शिवला! शिवला!"

सांगलीइतकाच वेळ, तिच्या मनात आलं. वडील त्यानंतर आठवले.

घरी पोचल्यावर काकांनी उंबऱ्याच्या बाहेरूनच सांगायला सुरुवात केली. पाय धुवायचंही त्यांना सुचलं नाही. "वहिनी, काही काही म्हणून पाहिलं. ढिम्म. आणि प्रबंधाचं नाव काढलं मात्र, उतरलाच! जीव कशात होता बघा माणसाचा." आईनं पदर डोळ्यांना लावला. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं ताटातला सगळा भात खाल्ला. वाढणारी चारुलताच होती.

तेरावा झाल्यावर तिनं कॉलेजात रजा वाढवून घेतली आणि अवधूतला बरोबर घेऊन पुन्हा घाटावर जायला लागली. त्याला तिनं काय करायचं ते सांगितलं. एक दिवस ती नेहमीच्या पायरीवर बसे आणि तो भिंतीमागे; दुसऱ्या दिवशी तो पायरीवर घड्याळ घेऊन, ती भिंतीमागे. डोक्यावर केस नसलेला अवधूत घाटावर कुणाच्या डोळ्यावर आला नाही. फक्त रंगुबाई म्हणाली, "आता भावाला बी लावलं का ह्या धंद्याला!"

शंका राहावी असं काही उरलं नाही. तो बसला की कावळे येत. ती बसली की लोक ताटकळत.

शेवटच्या दिवशी पुलावरून परत येताना अवधूतनं घड्याळ तिच्या हातात दिलं. मग म्हणाला, "ताई, म्हणजे तू बसायचीस म्हणून ते सगळे लोक..."

"हो."

"एवढी वर्षं?"

"माहुलीला. हो."

तिला ते लोक आठवत होते. आईच्या पिंडासमोर दारू सोडतो म्हणून सांगणारा, मग सदऱ्याआतली माळ बाहेर काढून दाखवणारा एक माणूस. बहिणीला विहिरीचा हिस्सा देऊ म्हणून कबूल झालेले दोघे भाऊ, एकमेकांकडे न बघता. एक म्हातारी, जी काहीच कबूल करत नव्हती, नुसतं 'आवं, या की आता' म्हणत होती. त्या सगळ्यांना वाटलं असणार, आपल्या माणसाचं काहीतरी राहून गेलं. आणि ती बाजूला बसून वेळ टिपत होती. याचं वाईट वाटायला हवं, हे तिला कळत होतं.

सांगलीत डॉ. निकमांच्या टेबलावर प्रबंधाच्या टाईप केलेल्या प्रती दोऱ्यानं बांधून ठेवल्या होत्या. बाइंडिंगवाल्याचा माणूस दुपारी येणार होता. सर मूळचे शिराळ्याचे. चिडले किंवा मायेत आले की तिकडची बोली वर यायची.

"ये. बस. घरी कसं आहे? आई?"

"बरी आहे. सर, माहुलीचे आकडे चुकीचे आहेत."

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. तिनं सांगितलं, वर्गात सांगावं तसं, क्रमानं. सांगून झाल्यावर ते म्हणाले, "आम्ही शिराळ्याचे. आमच्याकडं नाग धरून डोक्यावर घेऊन नाचायचे. सोडला की तो आपल्या वाटंनं जायचा. कुणाचं तोंड लक्षात ठेवल्याचं ऐकलं न्हाई मी कधी. आणि तुझा कावळा ठेवतो?"

"ठेवतो, सर."

"ठेवू दे. तुझा एक परीक्षक बनारसचा, एक धारवाडचा. ते काय माहुलीला येऊन कावळ्यांची साक्ष काढणार आहेत?"

तिनं वरच्या प्रतीचा दोरा सोडायला घेतला.

"बरं, ऐक. 'संशोधनाच्या मर्यादा' म्हणून अर्धं पान असतं शेवटी. तिथं एक ओळ घाल. निरीक्षकाच्या उपस्थितीचा परिणाम नाकारता येत नाही, वगैरे. सगळेच घालतात."

"ती ओळ घातली तर चौथ्या प्रकरणात तिच्याशिवाय खरं काही उरत नाही."

"लय शहाणपणा नको करूस!" सरांनी हात प्रतींवर ठेवला. "सेमिनार झाला. माझ्या प्रमाणपत्रावर सही झाली. एकतीस डिसेंबर गेला की तुला नेट द्यावी लागेल, कालपरवा बी.एस्सी. झालेल्या पोरांच्या शेजारी बसून. ही जागा भरली तर बाहेर पडशील. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"न्हाई कळत. बाप गेलाय तुझा. दुःखात माणसानं निर्णय घेऊ नयेत."

"मला दुःख होत नाहीये, सर," चारुलता म्हणाली.

ती तक्रार नव्हती, माहिती होती. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. खाली मैदानात एन.सी.सी.ची मुलं कवायत करत होती. त्यांचा उस्ताद हिंदीत ओरडत होता.

"तरी एक बरं झालं," ते शेवटी म्हणाले. "तुझ्यामुळं माहुलीत चार माणसांनी दारू सोडली असेल. तेवढं पुण्य घे." ती हसली नाही, तेव्हा त्यांनी बाइंडिंगवाल्याची चिठ्ठी चुरगळून टोपलीत टाकली. "किती लागेल नव्यानं करायला?"

"दोन हिवाळे. मी बसणार नाही. दुसरं कुणीतरी बसेल, दर वेळी वेगळं."

"आणि विषय?"

"तोच, कावळेच. कोणाला ओळखतात, किती दिवस लक्षात ठेवतात, ज्यांना धरलं नव्हतं त्यांना कसं कळतं."

सरांच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी हललं, ते त्यांनी लपवलं. "मुदतवाढीचा अर्ज आण. माझ्या निवृत्तीच्या आत आटप म्हणजे झालं," ते म्हणाले, आणि प्रमाणपत्राचा कागद वरच्या प्रतीतून काढून खणात ठेवला.

डिसेंबरात महिन्याचं श्राद्ध आलं. ती साताऱ्याला गेली. जेवणं झाल्यावर बापूकाकांनी सुपारी कातरता कातरता विचारलं, "दिला का प्रबंध?"

"नाही, काका. या वर्षी नाही होणार."

अडकित्ता थांबला. "म्हणजे?"

"मागे घेतला. परत काम करायचंय."

"मागे घेतला!" काकांचा आवाज चढला. "अगं, मी शब्द दिलाय त्याला. नदीवर उभं राहून. दहा माणसांसमोर. त्यानं ऐकला तो शब्द, घेतला, आणि गेला. आणि आता तू सांगतेस, मागे घेतला? भाजीबाजार आहे का हा?"

स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभी राहिली होती. हातात ताकाची रवी तशीच, तिच्यावरून लोणी ओघळत होतं.

चारुलताजवळ एक वाक्य होतं. ते म्हणायला फार श्रमही पडले नसते. अवधूतला ते माहीत होतं, त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तोंड उघडलं, "काका, तो कावळा मुळात..."

"अवधूत," ती म्हणाली. मग ती काकांकडे वळली. "माझं काम कच्चं राहिलं, काका. चूक माझी आहे."

"चूक! मेलेल्या बापाची एक इच्छा, एकच, आणि ही म्हणते चूक. आम्ही हसत होतो तेव्हा तो तुझ्या मागे पिशव्या धरून हिंडला. तेवढी तरी आठवण ठेवायची." सुपारी तशीच डब्यात टाकून ते उठले आणि बाहेर निघून गेले. काकू त्यांच्या मागे गेल्या. जाताना चारुलताकडे त्यांनी पाहिलं नाही.

तिनं ताटाखालचे पाट उचलले, भिंतीशी रचले. जमीन पुसली. अवधूत म्हणाला, "सांगून टाकलं असतंस तर," आणि तोही उठला.

स्वयंपाकघरात आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. लोणी काढून झालं होतं, तरी ती भांड्याच्या कडा बोटानं निपटत होती.

"चारू."

"काय गं?"

"बापू म्हणतात तसं असेल का? आता परत अडकेल का गं त्यांचा जीव?"

"नाही अडकणार."

"कशावरून?"

"एकदा शिवला की झालं असतं ते. गुरुजींनाही विचार हवं तर."

आईनं मान हलवली. मग बोट थांबलं. "लगेच शिवला म्हणे. नुसतं तुझं नाव काढलं आणि लगेच."

"हो."

"मी तर नव्हते तिथं. बापू वाढवून सांगतात, त्यांचा स्वभावच तो. तू पाहिलंस ना? तुझ्या डोळ्यांनी?"

"पाहिलं," चारुलता म्हणाली.

"कसा आला?"

चारुलतानं आईच्या हातातलं भांडं घेतलं. "चिंचेवरून आला," ती म्हणाली. "सरळ खाली. इकडे तिकडे बघितलं नाही. मधल्या पिंडाला चोच लावली. मग बाकीचे आले."

आई ऐकत होती. "बरं झालं," ती म्हणाली. "बरं झालं बाई." आणि तिनं लोण्याच्या भांड्यासाठी झाकण शोधायला घेतलं.